हाताच्या अंतरावरचा धोका : कोयता हातात असला तरी आधी काय शिकायचं?



आपल्या जिल्ह्यातल्या बाईच्या हातात रोज हत्यार असतं. सोयाबीन काढताना विळा, निंदताना खुरपं, सरपण तोडताना कुऱ्हाड, स्वयंपाकघरात विळी आणि उसाच्या फडात कोयता. धार कशी लावायची, सैल झालेली मूठ कशी बसवायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरीही पाणंदीत एखादा वाट अडवून उभा राहिला की घसा कोरडा पडतो, पाय जागचे हलत नाहीत आणि हातातलं खुरपं हातातच राहतं.

म्हणजे आपल्याकडं हत्यार कमी नाही, सराव कमी आहे. गटात कर्जाचा हप्ता, व्याज, बाजारपेठ असं सगळं आपण शिकलो. स्वतःचं अंग वाचवायचं कसं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. उलट लहानपणापासून 'खाली बघून चाल, उलट बोलू नको' हेच ऐकवलं. या अंकाचा पाठ त्यावर आहे. धोका हाताच्या अंतरावर आला तर काय करायचं, हातातली वस्तू कधी वापरायची, कधी नाही आणि कायदा आपल्या बाजूनं कुठपर्यंत उभा राहतो, हे तीन भाग यात आहेत. नुसतं वाचून ठेवू नका. गटाच्या बैठकीत उभं राहून करून बघा.

जवळ म्हणजे किती जवळ?

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी शहरात डेनिस ट्युलर नावाचे एक पोलीस प्रशिक्षक होते. सुरा घेतलेला माणूस किती लांब असला म्हणजे आपण सुरक्षित, हा प्रश्न त्यांनी मोजून पाहिला. १९८३ मध्ये त्यांनी लिहिलं, की २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला शिकलेल्या शिपायालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.

२१ फूट म्हणजे आपल्या भाषेत चौदा हात. समाजमंदिराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग वाट अडवणारा दोन हातांवर असेल तर पिशवीत तळाशी ठेवलेला चाकू काय कामाचा?

पुढचे तीन खेळ गटात करा. काचेच्या बांगड्या काढून ठेवा. ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांचे गुडघे, कंबर दुखते त्यांनी बसून बघावं आणि वेळ मोजावा. खरं धारदार हत्यार सरावात कधीच घ्यायचं नाही. वीतभर काठी पुरे.

पहिला खेळ. अंगणात चौदा हात मोजून दोन रेघा मारा. एका रेघेवर एक सखी पिशवीत वीतभर काठी ठेवून उभी राहील. दुसरीनं न सांगता दुसऱ्या रेघेवरून धावत येऊन तिच्या खांद्याला हात लावायचा. पिशवीतली काठी बाहेर यायच्या आत हात लागतो का, ते बघा.

दुसरा खेळ. वीतभर काठीच्या टोकाला ओला गेरू लावा. समोरचीनं जुना पांढरा सदरा घालावा. गेरूवाली ही हल्लेखोर. सदरेवालीनं तिचा हात धरून काठी हिसकावायची. वीस अंक मोजून थांबा आणि सदऱ्यावरचे लाल डाग मोजा. प्रत्येक डाग म्हणजे एक वार. सिनेमातली नायिका सुरा हिसकावून घेते. खऱ्या आयुष्यात तो हिसकावताना शिकलेल्या माणसालाही लागतं.

तिसरा खेळ. आता हातभर काठी तुमच्या हातात, तिलाच कोयता समजा. समोरची तुमच्यापेक्षा दणकट असावी. काठी पुढं करून तिला धाक दाखवा आणि तिनं ती ओढून घ्यायची. काठी कुणाच्या हातात राहिली?

तिन्ही खेळ झाले की एकच गोष्ट लक्षात येते. हाताच्या अंतरावर हत्यार कुणाचंच इमानदार नसतं. ज्याची पकड मोठी, त्याच्याकडं ते जातं. म्हणून जवळच्या लढाईत हत्यार शेवटी येतं. त्याआधी येतं ते भान, मग आवाज, मग अंतर आणि मग रिकामे हात.

आधी चिलखत, मग वाघनख

हाताच्या अंतरावरची सगळ्यात प्रसिद्ध लढाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. विजापूरहून निघालेला अफजलखान आपल्या तुळजापूरवरून पुढं गेला, असं बखरीत आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात शिवाजी महाराजांची आणि त्याची भेट झाली. खानानं मिठी मारली, मान काखेत दाबली आणि कट्यारीचा वार केला. याहून जवळचं अंतर नाही.

ही गोष्ट सांगताना आपण वाघनखं आणि बिचवा यांवर येऊन थांबतो. पण पहिला वार झाला तेव्हा महाराज वाचले ते अंगरख्याखालच्या चिलखतामुळं. डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप होता. बरोबर किती माणसं असावीत हे आधी ठरवून घेतलं होतं. सय्यद बंडानं तलवार उगारली तेव्हा जिवा महाला जवळच होता. रानात फौज दबा धरून होती आणि तिला इशारा कसा द्यायचा हेही ठरलेलं होतं. वाघनख हा त्या सगळ्या तयारीचा शेवटचा तुकडा होता.

आपलं चिलखत कोणतं? अंधारात एकटीनं न जाणं, हे ते नव्हे. कामाला जावंच लागतं. रात्रपाळीची वीज आली की शेतात पाणी धरायला जावं लागतं, पहाटे परसाकडं जावं लागतं, शेवटच्या एसटीनं उतरून वस्तीपर्यंत चालावं लागतं. जाऊ नका असं सांगणं सोपं आहे, पण ते उत्तर नाही. चिलखत म्हणजे पुढच्या गोष्टी.

• निघताना एकीला सांगून निघायचं : 'मी निघाले, अर्ध्या तासात पोचते.' पोचल्यावर कळवायचं. कळवलं नाही तर तिनं फोन करायचा आणि फोन लागला नाही तर दोघी-तिघींनी निघायचं.
• बॅटरी आणि शिट्टी पिशवीत नको, हातात किंवा गळ्यात.
• फोनमध्ये ११२ लावायचा सराव. हा क्रमांक पोलिसांसाठी आहे आणि राज्यात कुठंही चालतो. महिला मदतीसाठी १८१.
• पदर खोचलेला, पायात घसरणार नाही असं काही. पळता आलं पाहिजे.
• कानात वायर घालून चालायचं नाही. मागून पाऊल वाजलं तर ते ऐकू यायला हवं.

धोका बहुतेक वेळा ओळखीचा असतो

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी दरवर्षी एकच सांगते. बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कामावरचा, लग्नाचं वचन दिलेला. झाडामागून उडी मारणारा अनोळखी माणूस हा अपवाद आहे.

ओळखीच्या माणसापुढं हात उठत नाही. 'भाऊजी आहेत, काय म्हणतील', 'मुकादम आहे, उचल त्याचीच आहे', 'आपलाच गैरसमज असंल' असं मनात येतं आणि तेवढ्यात तो दोन हातांवरून एका हातावर येतो.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत जवळपास नऊशे विद्यार्थिनींबरोबर एक अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळेवर ओळखणं, 'असं बोललं तर कसं दिसेल' हा संकोच मोडणं आणि अंगावर आलेल्याच्या हातातून सुटणं, हे त्यात शिकवलं. वर्षभरानं पाहिलं तर प्रशिक्षण न झालेल्या मुलींत शंभरातल्या साधारण दहा जणींवर बलात्कार झाला होता. प्रशिक्षण झालेल्यांत हे प्रमाण पाचवर आलं. फक्त बारा तासांत एवढा फरक पडला. आपल्या चार-पाच बैठकांची बेरीज तेवढी होते.

रिकाम्या हातांचा सराव

*आवाज.* सगळ्यात आधी ओरडायला शिका. हसू येईल, येऊ द्या. दोन ओळी समोरासमोर उभ्या करा. एक ओळ चालत येईल, दुसरी तळहात छातीसमोर उघडे धरून, एक पाय मागं ठेवून, पोटातून आवाज काढेल : 'थांब! मागं सर!' शिवी देऊ नका, विनंतीही करू नका. 'भाऊ, जाऊ द्या ना' यानं त्याला जोर येतो. त्याचं नाव माहीत असेल तर नाव घेऊन ओरडा. ओळखीच्याला त्याचीच भीती जास्त असते.

*मनगट धरलं तर.* सरळ मागं ओढू नका. त्याच्या मुठीत अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथं फट असते. कोपर त्याच्याकडं नेत मनगट त्या फटीतून आपल्या खांद्याकडं झटक्यात काढा. ताकदीचं नाही, दिशेचं काम आहे.

*केस धरले तर.* मागं ओढलं की वेणी तुटल्यासारखी दुखते. दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरा, म्हणजे ओढ थांबते. मग त्याच्याकडं सरकून नडगीवर लाथ.

*गळा धरला तर.* हनुवटी छातीला लावा, खांदे वर. एक हात सरळ वर कानाला चिकटवा आणि अख्खं अंग एका बाजूला वळवा. नुसते हात सोडवत बसू नका, श्वास तेवढा वेळ देत नाही.

*मागून मिठी मारली तर.* खाली बसल्यासारखं सगळं वजन टाका. पाय फाकून ठेवा, म्हणजे उचलता येणार नाही. टाच त्याच्या पावलावर, कोपर त्याच्या बरगडीत, डोकं मागं त्याच्या नाकावर.

मारायचंच असेल तर मूठ नको. मुठीनं आपलीच बोटं मोडतात. तळहाताच्या खालच्या जाड भागानं नाकावर, बोटांनी डोळ्यांवर, गुडघ्यानं जांघेत. सराव करताना या तिन्ही जागी हात लावायचा नाही, उशीवर मारायचं. आणि मारल्यावर बघत उभं राहायचं नाही. पळायचं, आणि पळायचं ते माणसांकडं : दुकान, देऊळ, उजेड असलेलं घर.

हातात काही असेल तर

*घमेलं, टोपली, घागर.* समोरच्याकडं सुरा असेल तर तुमच्याकडं काय आहे यापेक्षा मध्ये काय आहे ते महत्त्वाचं. घमेलं ही आपली ढाल. तेही नसेल तर चप्पल, सायकल, बैलगाडी, बाज, काहीही मध्ये घ्या. हातानंच अडवावं लागलं तर पदर हाताला गुंडाळा आणि मनगटाची आतली, शिरांची बाजू आपल्याकडं ठेवा.

*काठी.* रात्री पाण्यावर जाताना काठी असतेच. ती उगारू नका, उगारलेली काठी धरता येते. दोन्ही हातांनी धरून टोकानं पोटात किंवा छातीत ढोसा आणि लगेच मागं घ्या.

*मिरची पूड.* पुडी सोडायला वेळ लागतो आणि वारा समोरून असला तर आपल्याच डोळ्यांत जाते. बाजारातली फवाऱ्याची बाटली बरी, पण तीही हातात हवी. विकत घेतल्यावर एकदा मोकळ्या रानात, वाऱ्याकडं पाठ करून, उडवून बघा.

*विळा, खुरपं, कोयता.* कामावर असताना ते हातात असेलच. तेव्हा नियम एकच : हत्यार अंगाजवळ, मोकळा हात पुढं. कोयता पुढं करून धाक दाखवला की तिसऱ्या खेळातलं घडतं. अंगाजवळ धरलेला कोयता हिसकायला त्याला फार जवळ यावं लागतं, आणि तिथं यायला तो बिचकतो. तोंडानं ओरडत, पाठ न दाखवता, निघायच्या वाटेकडं सरका. त्यानं वाट सोडली की निघायचं. कोयता आपल्याला निघून जायला वाट करून देण्यासाठी आहे, हिशेब चुकता करायला नाही.

आणि चोरच असेल, मोबाईल किंवा मंगळसूत्र मागत असेल, तर देऊन टाका. हातात देऊ नका, एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा. डोरलं पुन्हा करता येतं. पण कुणी गाडीत बसवायला किंवा उसात ओढायला लागला, तर मात्र तिथंच, पहिल्या क्षणाला, सगळ्या जोरानं लढा. दुसऱ्या जागी नेल्यावर आपली ताकद आणि आवाज दोन्ही कमी पडतात.

कायदा कुठपर्यंत आपला?

'आपण मारलं तर उलट आपल्यावरच केस होईल' या भीतीनं किती तरी जणी गप्प राहतात. म्हणून हा भाग मोठ्यानं वाचून दाखवा.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. जुन्या दंड संहितेतही तो होताच, कलम ९६ ते १०६ मध्ये. त्यातल्या मोठ्या गोष्टी अशा :

१. स्वतःच्या शरीराचं रक्षण करताना केलेलं कृत्य गुन्हा नाही. दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करतानाही नाही. म्हणजे सोबतिणीला सोडवायला धावलेल्या बाईलाही हाच हक्क आहे.

२. वार झाल्यावरच हक्क सुरू होतो असं नाही. हल्ल्याची वाजवी भीती वाटली, तसा प्रयत्न किंवा धमकी झाली, की तो सुरू होतो. आणि भीती असेपर्यंतच टिकतो.

३. सात प्रसंगांत हल्लेखोराचा जीव गेला तरी हा हक्क लागू होतो, हे कलम ३८ सांगतं : जिवाची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्काराचा हल्ला, अनैसर्गिक अत्याचाराचा हल्ला, पळवून नेण्याचा हल्ला, सुटकेसाठी पोलिसांकडं जाता येणार नाही अशा रीतीनं डांबून ठेवण्याचा हल्ला आणि ॲसिड फेकणं.

४. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता, तर हा हक्क सांगता येत नाही.

'गरजेपेक्षा जास्त' म्हणजे किती, हे अंगावर आलेल्या क्षणी कोण मोजणार? सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं आहे. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात न्यायालयानं सांगितलं, की हल्ला झालेल्या माणसानं आपला बचाव गणितासारखा पायरी-पायरीनं मोजून करावा ही अपेक्षा अवास्तव आहे. पण बचावासाठी वापरलेलं बळ धोक्याच्या मानानं अगदीच अवाजवी नसावं.

म्हणून एक ओळ पाठ करा : तो अंगावर येतोय तोवर हक्क आपला, त्यानं पाठ फिरवली की हक्क संपला. तो पडला, पळाला, हात वर केले, की हात थांबला पाहिजे. त्यानंतरचा एक वारही बचावात धरला जात नाही.

२०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढं एक प्रकरण आलं. भांडणात मिरचीचा फवारा मारला आणि बचाव केला असं सांगितलं. जिवाला तसा धोका दिसत नाही, असं म्हणून न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि फवाऱ्याला धोकादायक हत्यार म्हटलं. बांधावरच्या, नळावरच्या भांडणात मिरची आणि विळा काढायचा नसतो, तो यासाठी.

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू, काठी वगैरे, त्यात शस्त्र धरलेल्या नाहीत. पण कोयता घेऊन आठवडी बाजारात किंवा यात्रेत फिरलात तर पोलीस विचारणारच. तलवार, गुप्ती बाळगण्याच्या फंदात पडू नका. बंदूक-पिस्तुलाला परवाना लागतो.

नागपूरच्या बायकांची गोष्ट

१३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात एक घटना घडली. कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडानं अनेक वर्षं बायकांवर अत्याचार केले होते. तक्रारी करून उपयोग होत नाही, तो जामिनावर परत येतो, असं वस्तीचं म्हणणं होतं. पोलीस त्याला न्यायालयात घेऊन आले तेव्हा जमावानं मिरची पूड आणि सुऱ्यांनी त्याला तिथंच ठार केलं. देशभर चर्चा झाली. अनेकांना वाटलं, बरं झालं.

पण बचाव आणि सूड यांतला फरक इथंच समजून घ्यायचा आहे. त्या क्षणी तो पोलिसांच्या ताब्यात होता. कायद्याच्या भाषेत तो खाजगी संरक्षणाचा हक्क नव्हता. आरोप झालेल्यांना दहा वर्षं तारखा भोगाव्या लागल्या. २०१४ मध्ये ते सुटले ते पुरावा नाही म्हणून, हक्क होता म्हणून नव्हे. त्या वस्तीचं ऐकून घेणारं कुणी वेळेवर भेटलं असतं तर हातात सुरा घ्यायची पाळी आली नसती. आपल्या ग्रामसंघानं हेच करायचं आहे : पहिल्या छेडछाडीलाच सगळ्यांनी मिळून ठाण्यात जायचं, पन्नासाव्याची वाट बघायची नाही.

उसाच्या फडावर आणि घरात

दिवाळीच्या आगेमागे कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून टोळ्या कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणून मोजले जातात. कोपीला दार नसतं, संडास नसतो, पहाटे अंधारात फडात जावं लागतं. टोळीत जाणाऱ्या सख्यांनी निघण्याआधीच हे करावं : टोळीतल्या सगळ्या बायांचे नंबर एकमेकींकडं, कारखान्याजवळच्या ठाण्याचा नंबर, पहाटे जायचं ते दोघी-तिघींनी, आणि रात्री कोयता उशाला उघडा न ठेवता बारदानात गुंडाळून, फक्त आपल्याला माहीत अशा जागी. अंधारात उघडं हत्यार ज्याचा हात आधी पोचतो त्याचं.

तिकडं काही घडलं आणि परत गावी आलात, तरी तक्रार राहून गेली असं नाही. गुन्हा कुठंही घडला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. याला झिरो एफआयआर म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलं आहे. 'आमच्या हद्दीतलं नाही' असं कुणी म्हटलं तर हे कलम सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

मारहाण घरात होत असेल तर भांडण पेटताच स्वयंपाकघरातून बाहेर या. तिथं विळी, बत्ता, पेटती चूल, सगळं हाताशी असतं आणि बाहेर पडायला वाट नसते. दाराजवळ, ओट्यावर, जिथून आवाज जाईल तिथं. शेजारच्या सखीबरोबर एक खूण ठरवून ठेवा, ताट वाजवलं की तिनं यायचंच. आल्यावर 'तुमचं घरचं' म्हणून परत जायचं नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ पासून आहे आणि संरक्षण अधिकाऱ्याकडं दाद मागता येते. १८१ वर विचारलं तरी कुठं जायचं ते सांगतात.

घडून गेल्यावर

• आधी सुरक्षित जागी, मग ११२.
• कपडे धुवायचे नाहीत, अंघोळ करायची नाही, हत्यार पुसायचं नाही.
• जखमांचे, फाटक्या कपड्यांचे फोटो. किती वाजले, कुठं, कोण ओरडणं ऐकून आलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.
• सरकारी दवाखान्यात तपासणी. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या बाईला सरकारी असो की खाजगी, सगळ्या दवाखान्यांनी मोफत प्रथमोपचार द्यायचेच आहेत.
• आपल्या हातून समोरच्याला लागलं असेल तर लपवू नका, लपवलं की संशय वाढतो. 'त्यानं असं केलं, मला अशी भीती वाटली, म्हणून मी असं केलं' या क्रमानं सांगा.
• सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागते.
• वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडं अर्ज द्यायचा.

पुढच्या बैठकीत

१. तीन खेळ करा. सदऱ्यावर किती डाग पडले ते प्रोसिडिंगमध्ये लिहा.
२. प्रत्येकीनं एकदा तरी पूर्ण आवाजात 'मागं सर!' म्हणायचं. सासूबाई असोत की सून, सूट कुणालाच नाही.
३. जोड्या ठरवा : कोण कुणाला निघताना आणि पोचल्यावर कळवणार.
४. गावातल्या अंधाऱ्या जागांची यादी करा : पाणंद, शाळेमागचा रस्ता, एसटी थांबा. ग्रामसंघाच्या ठरावासह ग्रामपंचायतीकडं दिव्यांची मागणी करा.
५. पोलीस ठाण्यातल्या दामिनी पथकाला पत्र देऊन दोन दिवसांच्या प्रत्यक्ष सरावासाठी बोलवा. शाळेतल्या सहावीपासून पुढच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण मिळतं का, हे मुख्याध्यापकांना विचारा.
६. टोळीत जाणाऱ्या सख्यांची नावं आणि नंबर सीआरपी ताईंकडं द्या.

कोयत्याची धार आपल्याला येतेच. आता पाय रोवून उभं राहणं, वेळेवर ओरडणं आणि वेळेवर थांबणं, एवढं शिकायचं राहिलं आहे. बैठकीला येताना घरातला एक जुना पांढरा सदरा आणि मूठभर गेरू घेऊन या.